उंबरठ्यावरची पितळी पाटी

१

बुधवारी सकाळी साडेनऊला पल्लवीने मोटारीच्या दाराखाली चिकटवलेला कागद सोलला आणि ती उकिडवी बसली होती तशीच बसून राहिली. कागदाखाली तळहाताएवढी पितळी पाटी असायला हवी होती. तिथे नुसतं लाकूड होतं.

नाशिकच्या अंबड वसाहतीत ट्रकच्या बॉड्या बांधणारे पैशाला पासरी. जयराम आहेर मात्र जुन्या, श्रीमंती मोटारींच्या बॉड्या नव्याने उभ्या करायचा. नव्वद वर्षांपूर्वी अशी गाडी विलायतेहून बोटीने यायची ती नुसती चाकं आणि इंजिन घेऊन, नवरा नसलेल्या वरातीसारखी. वरची बॉडी ज्याने त्याने आपल्या हौसेप्रमाणे दुसऱ्याकडून बांधून घ्यायची: आतून लाकडी सांगाडा, वरून हाताने ठोकलेला पत्रा. ती कुणी बांधली यावर गाडीचं खानदान ठरायचं, आणि बांधणाऱ्याचं नाव दाराच्या पट्टीवर पितळेत कोरलेलं असायचं.

ही गाडी अंजली बोरस्ते यांची. पिंपळगाव बसवंतला त्यांच्या पॅकहाउसमागच्या शेडमध्ये ती द्राक्षांच्या क्रेटखाली चाळीस वर्षं झोपली होती. त्यांच्या आजोबांनी ती एका लहानशा संस्थानिकाकडून घेतलेली. पाटीवर लंडनच्या एका बॉडीवाल्याचं नाव होतं, आणि त्या नावाच्या जोरावर मुंबईच्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात गाडीची नोंद झाली होती. शनिवारी सकाळी तिला न्यायला ट्रेलर येणार होता.

दहा मिनिटांत शोधाशोध झाली आणि अकराव्या मिनिटाला पाटीचे चारही स्क्रू सापडले. ते नाथा तांबट यांच्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात होते.

नाथाकाका म्हणजे या कारखान्याचा उजवा हात. पत्र्याला गोलाई द्यावी तर त्यांनीच. गेल्या शनिवारी त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की ही पाटी या गाडीची नाही, काढून टाका. मंगळवारी संध्याकाळी कुलूपही त्यांनीच लावलं होतं. अंजलीबाई धावत आल्या, त्यांनी स्क्रू पाहिले आणि त्या म्हणाल्या, "पितळ शेवटी तांबटाच्याच घरी जातं."

नाथाकाकांनी हातातली हातोडी टेबलावर ठेवली. पलीकडे डाव्या बाजूचा मागचा मडगार्ड अर्धवट टांगलेला होता, आणि तो पुरा करणारा दुसरा हात जिल्ह्यात नव्हता.

"ज्या हाताला चोर म्हटलंत त्या हाताचं काम तुमच्या गाडीवर कशाला?" एवढं बोलून काका जेवणाचा डबा न घेताच घरी गेले. बेचाळीस वर्षांत ते पहिल्यांदा दुपारच्या आत घरी गेले होते.

जयरामने फोन लावला. पोलिसांना नव्हे, रोहिणी पगारे यांना.

२

रोहिणी पगारे यांनी एकतीस वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघाती गाड्यांची पाहणी केली होती. "ट्रक आपोआप दरीत गेला" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की आपोआप घडणाऱ्या गोष्टींवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. निवृत्तीनंतर आंबेडकर जयंतीची वर्गणी आणि कॉलनीतल्या पाण्याची भांडणं यांतच त्यांची बुद्धी खर्च होत होती. त्यामुळे जयरामचा फोन आला तेव्हा, खोटं कशाला बोला, त्यांना आनंदच झाला. तो आनंद कारखान्यातली ती मुकी हातोडी पाहिल्यावर ओसरला. नाथाकाकांना त्या वीस वर्षं ओळखत होत्या.

त्यांनी आधी माणसांकडे पाहिलंच नाही. गुडघ्याखाली पोतं घेऊन त्या दाराशी बसल्या. दार उघडल्यावर पाय पडतो ती सागवानी पट्टी मुद्दाम जुनीच ठेवली होती, तिला पॉलिशही नव्हतं. पाटी होती त्या जागी लाकडात काहीतरी कोरलेलं होतं, मळाने बुजलेलं. त्यांनी पदराचं टोक ओलं करून पुसलं. एक छोटा सूर्य आणि शेजारी चंद्रकोर निघाली. कडा पार गुळगुळीत झाल्या होत्या, देवळाच्या पायरीसारख्या.

मग त्यांनी स्क्रूची भोकं शोधली. ती सापडेनात. चार ठिकाणी नख फिरवल्यावर बारीकसा काठ लागला, तेव्हा कुठे कळलं. चारही भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकून, वरून सपाट तासलेल्या होत्या. खुंटीचे रेषे पट्टीच्या रेषांशी इतके जुळवलेले, की डोळ्यांना फसवावं.

"ताई, काही दिसलं का?" जयरामने विचारलं.

"दिसलं ना. तुमचा चोर फार टापटिपीचा आहे," रोहिणीताई म्हणाल्या.

त्यांनी पल्लवीला बाजूला घेतलं. ही पोरगी डिझाइन शिकून आलेली. गाडीचं माप घेऊन तिचं खऱ्या आकाराचं चित्र भिंतीवर काढणं हे तिचं काम. तिने सांगितलं की रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून सोमवारी सकाळी तिने पाटीवर कागद लावला आणि बुधवारी काढला. टेप तिची नेहमीची निळी. काढताना मात्र एका कोपऱ्याला पांढरी टेप होती. घाईत तिने ते मनावर घेतलं नव्हतं.

"म्हणजे सोमवारनंतर पाटी कुणी डोळ्यांनी पाहिली?"

पल्लवी विचार करू लागली. पाटी मंगळवारी होती असं सगळेच म्हणत होते. पण सगळ्यांनी पाहिला होता तो फक्त कागद.

३

तांबट आळीत आता पूर्वीइतकी ठोकाठोक उरलेली नाही, पण नाथाकाकांचं घर सापडायला ती पुरेशी आहे. काका ओट्यावर बसले होते आणि हात रिकामे असल्यामुळे ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. यशोदाबाईंनी, म्हणजे काकूंनी, चहा आणला आणि सकाळपासून घास घेतलेला नाही अशी तक्रारही सोबत आणली.

रोहिणीताईंनी आधी स्क्रूंचं विचारलं. काका म्हणाले की कारखान्यात सुटा स्क्रू कुणालाही सापडला तरी तो त्यांच्याच डब्यात पडतो, ही वीस वर्षांची वहिवाट आहे. चोराने सवयीने टाकले असतील. मग पाटीबद्दल तसं का म्हणालात, असं त्यांनी विचारलं. काकांचे डोळे जरा उजळले. ती पाटी मुळात गोलाव्यावर बसवलेली होती. कुणीतरी नंतर ती ठोकून सपाट केली, तीही अडाण्यासारखी, मधून कडेला. उजेडात धरली की ठोके दिसतात. या गाडीची पट्टी तर सरळसोट आहे.

"मग तेव्हाच नीट सांगायचं होतं."

"पत्र्याची भाषा कुणाला समजते, बाई? म्हटलं काढून टाका, झालं."

निघता निघता रोहिणीताईंनी एक विचित्र प्रश्न टाकला. लाकडात नको ते भोक पडलं, तर तुम्ही काय कराल? काका म्हणाले, त्यात काय, लांबीचा लगदा भरीन आणि वरून रंग मारीन. रोहिणीताई हसल्या. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं.

काका मात्र हसले नाहीत. त्यांच्या घरात एक रीत होती. हंडा असो की मडगार्ड, शेवटचा ठोका कारागिराने मारायचा नाही, तो ज्याची वस्तू त्याच्या हाताने मारून घ्यायचा. मडगार्डचा शेवटचा ठोका अंजलीबाईंसाठी ठेवायचं त्यांच्या मनात होतं. ते ओट्याच्या फरशीकडे बघत म्हणाले, "माझ्या बापाने आळीत साठ वर्षं काढली. एक लोटी इकडची तिकडे झाली नाही. शनिवारी गाडी गेली की हे नाव मलाच चिकटणार. मग पाटी सापडली काय अन् न सापडली काय."

घरी परतताना रोहिणीताईंनी दिवस मोजले. हातात दोनच होते.

४

गुरुवारी त्यांनी तोच भोकाचा प्रश्न कारखान्यात विचारला. पल्लवी म्हणाली, आधी फोटो काढीन, मग कुणाला तरी विचारीन. जयराम म्हणाला, मी कशाला काही करू, सावळीरामला हाक मारीन.

सावळीराम हा सुतार. गाडीचा लाकडी सांगाडा त्याने दुरुस्त केला होता. माणूस अबोल आणि कामाला वाघ. त्याची आत्या पेठजवळच्या पाड्यावर आजारी होती म्हणून मंगळवारी पाच वाजता तो तीन दिवसांची रजा घेऊन गेला होता. पाटी तर मंगळवारी रात्री गेली, असं धरून चालल्यामुळे त्याचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. जयरामने फोन लावून पाहिला. डोंगरात फोन लागत नव्हता.

रोहिणीताईंना एवढ्यावर कोडं सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण हात कुणाचा हे कळून भागत नाही, तो का उठला हेही कळायला लागतं. पितळेच्या तुकड्यासाठी सावळीराम इमान विकेल हे त्यांना पटेना. त्या पल्लवीच्या भिंतीवरच्या चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हे आकडे असे काय गं?"

पल्लवीची दुखती नस तीच होती. ती म्हणाली की लंडनच्या त्या लोकांनी काय डोकं लावलं होतं कोण जाणे. एक माप सरळ नाही. खांबाखांबातलं अंतर कुठे चौदा इंच पाच सूत, कुठे बारा इंच तीन सूत, कुठे एकोणीस इंच एक सूत. आठ सुतांचा एक इंच. माणूस चौदा करेल, साडेचौदा करेल, पण सारखं असं लंगडं माप कोण घेतं? मागच्या आठवड्यात तिने हेच आकडे सावळीरामला दाखवले होते. तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला, आणि त्या दिवशी त्याने डबाही उघडला नव्हता.

रोहिणीताईंनी पर्समधून पावती काढली आणि तिच्या पाठीवर सगळ्याची सुतं केली. एकशेसतरा. नव्याण्णव. एकशेत्रेपन्न. एकतीस वर्षं आकड्यांतल्या लबाड्या पकडलेल्या डोळ्यांना पुढचं दिसायला वेळ लागला नाही. तिन्हींना नऊने पूर्ण भाग जात होता. तेरा, अकरा, सतरा.

त्यांनी नाथाकाकांना फोन लावला. "काका, नऊ सुतं म्हणजे काही असतं का हो?"

काका म्हणाले, "असतं की. तसू. जुन्या सुतारांच्या गजावर चोवीस तसू असायचे. आमच्या आज्याच्या वेळेपर्यंत तेच चालायचं."

फोन ऐकणारी पल्लवी थक्क झाली. "तसूभरही हलणार नाही म्हणतात, ते खरंच माप आहे?"

"आहे," रोहिणीताई म्हणाल्या. "आणि लंडनच्या सुताराला ते ठाऊक असायचं काही कारण नाही."

५

शुक्रवारी दुपारी अंजलीबाई तक्रारीचा कागद लिहूनच आल्या. नाथाकाकांना जयराम स्वतः जाऊन घेऊन आला होता. ते दारातल्या स्टुलावर बसले, आत आले नाहीत.

रोहिणीताईंनी अंजलीबाईंना गाडीशी बसवलं आणि सूर्य-चंद्रावर बोट फिरवायला लावलं. "कडा झिजल्यात. कशाने?"

"पायांनी. चढता-उतरताना."

"वर पितळी पाटी असताना पाय तिथे कसे लागतील?"

अंजलीबाईंचं बोट थांबलं. रोहिणीताई म्हणाल्या की ही खूण आधीची आहे, वर्षानुवर्षं तुडवली गेलेली. पाटी मागाहून आली, दुसऱ्याच गाडीवरून, ठोकून सपाट करून. नाथाकाकांनी हेच सांगितलं होतं, ऐकणारं कुणी नव्हतं. विकताना भाव चढावा म्हणून म्हणा की मिरवण्यासाठी, कुणीतरी लंडनचं नाव बरोबर त्या खुणेवर ठोकून तिला झाकलं. मग त्यांनी पल्लवीचे आकडे आणि तसूचा हिशेब मांडला. ही बॉडी लंडनची नव्हतीच. ती इथल्याच गजाने मापलेली, इथल्याच सागवानाची होती.

अंजलीबाईंचा चेहरा उतरला. आजोबांनी मांडीवर बसवून सांगितलेली गोष्ट एका पावतीच्या पाठीवर खोटी ठरत होती. पण त्या बाई शहाण्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, मग पाटी कुणी नेली?

"ज्याला लाकडातलं उघडं भोक बघवत नाही त्याने. नाथाकाकांनी लांबी भरली असती. पल्लवीने फोटो काढला असता. पाटी पळवताना कुणी खुंट्या तासत बसतं का? पण सुताराचा हात आहे तो. सवयीने चालला आणि स्वतःचं नाव लिहून गेला. मंगळवारी पाचच्या आत, सगळे चहाला गेले असताना."

"सावळीराम?" जयराम म्हणाला. "मग तर तो पळाला."

"येईल. लाकडाची इतकी काळजी घेणारा माणूस पळत नाही. त्याची रजा आज संपते आहे."

अंजलीबाईंनी घड्याळ पाहिलं. पाच वाजेपर्यंत थांबते, म्हणाल्या. साडेचार झाले. पावणेपाच झाले. रोहिणीताईंनी पावतीवरचा सुतांचा हिशेब पुन्हा एकदा तपासला. आकडे चुकत नाहीत, माणसं चुकतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पाचला सात मिनिटं असताना फाटकाशी रिक्षा थांबली. सावळीराम उतरला. त्याच्या खांद्याला पिशवी आणि हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली लांबशी वस्तू होती. दारात नाथाकाका बसलेले, आत सगळे उभे. त्याला काही उमगेना. जयरामने दोन वाक्यांत सांगितलं तसा त्याचा चेहरा पांढरा पडला. पिशवीतून पाटी काढून त्याने ती अंजलीबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि तो थेट काकांच्या पायाशी बसला.

"काका, तुमच्यावर येईल हे ध्यानातच नाय आलं. स्क्रू सवयीनं टाकले तुमच्या डब्यात. पायतानानं मारा मला."

"आधी बोल," काका म्हणाले.

तो बोलला. त्याचा आजोबा मंगळू सुतार. म्हातारपणी सांगायचा की मी राजाला चाकावरचं घर बांधून दिलं, त्याच्या उंबऱ्यावर माझा सूर्य-चंद्र हाय. पाड्यावर सगळे हसायचे. मोठी थाप कुणी मारली की लोक म्हणायचे, मंगळूचं घर. मंगळू ते ऐकत ऐकतच गेला. पल्लवीताईचे आकडे पाहिले आणि सावळीरामच्या कानात म्हाताऱ्याचं तसूतसूने मोजणं वाजायला लागलं. खात्री करायला त्याने पाटी काढली. खाली सूर्य-चंद्र होता.

"मग पाटी नेलीस कशाला?" अंजलीबाईंनी विचारलं.

"सुताराच्या तोंडाला कोन पुसतं, बाई? तुम्ही परत बसवली असती, अन् शनवारी गाडी गेली असती. म्हटलं, पुरावा आणू, मगच बोलू. चुकलं माझं. पर आज्याला परत झाकायला हात नाय झाला."

त्याने फडकं सोडलं. आत टोकांना पितळ लावलेला, हाताळून काळा पडलेला गज होता. मंगळूची मुलगी, कुसाबाई आत्या, तो देव्हाऱ्यात ठेवत आली होती. गजाच्या एका टोकाला छोटा सूर्य होता, शेजारी चंद्रकोर.

कुणी काही सांगायच्या आत नाथाकाका स्टुलावरून उठले आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा आत आले. त्यांनी गज हातात घेतला आणि सांगाड्याला लावला. तेरा तसू. पुढे अकरा. पुढे सतरा. एक रेघही इकडे-तिकडे नव्हती.

६

प्रदर्शनवाल्यांशी अंजलीबाई त्याच संध्याकाळी बोलल्या. पलीकडच्या गृहस्थाने एवढंच विचारलं की गाडी नक्की येते आहे ना, कारण लंडनच्या बॉड्या त्यांच्याकडे नऊ होत्या आणि नाशिकची एकही नव्हती. फोन ठेवून अंजलीबाई नाथाकाकांसमोर आल्या. त्यांनी हात जोडले आणि चुकलं म्हणाल्या, तेही सगळ्यांसमोर, जसा आरोप केला होता तसाच. काकांनी मान हलवली. मग त्यांनी टेबलावरची हातोडी उचलली आणि मडगार्ड खाली घ्यायला सांगितला.

सावळीरामला काकांनी पायताणाने मारलं नाही. पण मडगार्ड पुरा होईपर्यंत पत्रा धरून उभं राहायची शिक्षा केली, आणि ती त्याने आनंदाने भोगली.

शनिवारी सकाळी ट्रेलर फाटकात लागला तेव्हा मडगार्ड जागेवर होता. दाराच्या पट्टीवर सूर्य-चंद्र उघडा होता आणि त्याच्या शेजारी एक नवी पितळी पट्टी बसत होती, बोटभर रुंद. काकांनी ती पहाटे आळीतून ठोकून आणली होती. तिच्यावर तीनच शब्द होते: मंगळू सुतार, नाशिक. पल्लवीने अक्षरं काढून दिली होती. तिचे स्क्रू सावळीरामनेच पिळले.

मडगार्डचा शेवटचा ठोका अंजलीबाईंनी मारला, रीतीप्रमाणे. आता पितळी पट्टीचा एक ठोका उरला होता. एक कोपरा किंचित उचललेला काकांनी मुद्दाम ठेवला होता. हातोडी घ्यायला अंजलीबाई पुन्हा पुढे झाल्या.

काकांनी ती त्यांना दिली नाही. "बाई, गाडी तुमची. तिचा ठोका तुम्ही मारलात. हे नाव ज्याचं आहे त्याच्या घरचा माणूस इथे उभा आहे."

सावळीरामने हातोडी घेतली. लाकडाचा माणूस तो, पितळेवर ठोका त्याने कधी मारलेला नव्हता. काकांनी त्याचं मनगट धरलं आणि नेम दाखवला. ठोका पडला, कोपरा बसला.

"आत्याला कसं कळवू? फोन लागत नाय तिकडं," तो डोळे पुसत म्हणाला.

रोहिणीताईंनी आपल्या गाडीची किल्ली काढली. पेठचा रस्ता दीड तासाचा होता, आणि कॉलनीतल्या पाण्याचं भांडण एक दिवस थांबू शकत होतं. पल्लवीने पट्टीचे फोटो काढून घेतले होते. रोहिणीताई सावळीरामला म्हणाल्या, "चला, पाड्यावर जाऊन सांगू सगळ्यांना. मंगळूचं घर आत्ताच मुंबईला निघालंय."